अकरा बोयांवरच्या गाठी

हॅडलॉक बेट, मेन
४ नोव्हेंबर १९८६

मर्टन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत घालणार, मला ठाऊक आहे. घाल, पण आधी वाच. तुझ्या त्या बटाट्यांच्या गोदामाचा पत्ता लेटीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, तिने काही आपण होऊन दिला नाही. मी दुकानात तिच्या काउंटरसमोर पाऊण तास हटून उभी राहिले, मागे गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा बाईने वैतागून चिठ्ठी पुढे सरकवली. चौदा महिन्यांत आपण एक शब्द बोललेलो नाही, आणि मला बहीण म्हणून सुरुवात करायची होती. पण तुझ्या खांद्यात छरे घालणाऱ्या माणसाची बायकोही मीच, त्याला काय करणार?

ऑरिनच्या अपिलाची तारीख लागली, बारा डिसेंबर. मिस पेलेटिए म्हणून वकीलबाई आहेत, सरकारनेच दिलेल्या. एवढीशी पोर, पण कागदात डोकं घातलं की जेवणाखाण्याची शुद्ध नसते. तिने मला जे समजावलं ते तुला सांगते. साक्षीदार म्हणून तुला बाहेर बसवून ठेवलं होतं, तेव्हा न्यायाधीशांनी शेवटी ज्युरीला काय सांगितलं ते तू ऐकलेलंच नाहीस.

ते म्हणाले, आरोपीने जीव वाचवायला बंदूक चालवली असं वाटत असेल तर त्याला सोडा. पण भांडण त्यानेच उकरून काढलं असेल, तर जीव वाचवायला चालवली असं म्हणायची सोय त्याला नाही. आणि भांडण उकरलं कशाने? तर म्हणे गाठींनी. मिस पेलेटिएंचं म्हणणं, हे वाक्य ज्युरीला सांगायलाच नको होतं. गाठ बांधणं म्हणजे मारामारीचं आमंत्रण नव्हे. सगळं अपील त्या एका वाक्यावर उभं आहे.

ज्युरीत कोण कोण होतं माहीत आहे? एक बुटांच्या कारखान्यातला, एक शाळामास्तरीण, दोघं बटाटेवाले. बारा जणांत एकाच्या हाताला मासळीचा वास नव्हता. त्यांना काय कळणार, की शेवंडींच्या पिंजऱ्यावर खुणेला तरंगणाऱ्या बोयाच्या दांड्याला दोन अर्ध्या गाठी मारल्या म्हणजे 'बाबा रे, ही जागा तुझी नाही, पिंजरे हलव' एवढंच? न बोलता सांगायचं, त्याने हलवले की विषय संपला, मग दुकानात भेटल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. बाबांनी जन्मभरात किती गाठी बांधल्या असतील, पण कधी कुणाला साधी शिवी दिली नाही. सरकारी वकिलाने मात्र तुझ्या बोयाचा फोटो ज्युरीसमोर असा नाचवला की बघवेना. मागच्या खाडीत तुझ्या अकरा बोयांवर गाठी पडल्या, मग तू ऑरिनचे चाळीस पिंजरे तोडलेस, मग ती सकाळ उजाडली. ऑरिन म्हणतो तू लाँच त्याच्या अंगावर घातलीस, तू म्हणतोस नाही. तुम्हा दोघांत कोण खरं बोललं ते मी विचारत नाही. विचारायला मी हे पत्र लिहितच नाहीये.

काल बोया रंगवायला काढल्या. ऑरिन नाही तरी रंगवल्या, बसून काय करू? स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरली, पिवळा रंग ओतला, आणि तो वास आला मात्र, मला रडूच फुटलं. आठवतं ना, शनिवारचा राजमा काकवीत रटरटतोय, टेबलावर बाबांच्या बोया, आणि आई पेपरातल्या मयताच्या बातम्या त्या त्या माणसाचा आवाज काढून वाचतेय. तू काळा पट्टा मारायचास. तुझा पट्टा कधी सरळ आला नाही. बाबा म्हणायचे, "राहू दे, शेवंडींना कुठे कळतंय." ऑरिन तेव्हा दहा वर्षांचा, स्वतःचं घर सोडून आपल्याकडेच पडलेला, तुझे वाकडे पट्टे गुपचूप पुसून परत मारायचा. तुला वाटायचं तुझेच सुधारताहेत.

उत्तराची अपेक्षा नाही. पण बारा तारखेला काय झालं ते मी तुला कळवणार, आवडो न आवडो.

डेला

*

हॅडलॉक बेट
१५ डिसेंबर १९८६

मर्टन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे शेगडीत गेलं किंवा वाचलंस. मी धरून चालते की वाचलंस.

टपालाच्या लाँचने पलीकडे, तिथून बसने तीन तास, बरोबर लेटी. लेटीने वाटेत चार सँडविचं खाल्ली आणि वर मला म्हणते, "तू काही खात नाहीस, अशाने आजारी पडशील." वरच्या कोर्टात ऑरिनला आणतच नाहीत, हे मला माहीत नव्हतं. वेडीसारखी मी त्याचा चांगला शर्ट इस्त्री करून घेऊन गेले होते. तो मांडीवर ठेवून बसले. तिथे साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही, रडणं नाही, ओरडणं नाही. सात न्यायाधीश आणि मध्ये कागद. जे पहिल्या खटल्यात लिहिलं गेलं तेवढंच खरं, त्याच्या बाहेरचं एक अक्षर ऐकत नाहीत.

एका न्यायाधीशाने विचारलं, "गाठ म्हणजे? दोरीची साधी गाठ?"

मिस पेलेटिएंनी खिशातून दोरी काढली, पेन उभं धरलं आणि तिथेच बांधून दाखवली. आदल्या दिवशी मी शिकवली होती तिला. म्हणाली, "साहेब, किनाऱ्यावर हे एक वाक्य आहे. शंभर वर्षांचं, आणि सभ्य वाक्य आहे. यातून मारामारी होऊ नये म्हणूनच ही रीत पडली." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग सरकारी बाजूचा उठला. तो म्हणाला, "रीत सभ्य असेल. पण आरोपीने स्वतः शपथेवर कबूल केलं आहे, की गाठी मीच बांधल्या आणि रागाने बांधल्या. पान दोनशे चौदा." सातही जणांनी पानं उलटली. त्या पानांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. निकाल लेखी येईल, तीन महिने लागतील.

परतताना समुद्र खवळला होता, लेटीची सँडविचं वाया गेली. मी कठड्याला धरून उभी होते आणि मला आपण तिघं आठवत होतो. तू सात वर्षांचा असताना धक्क्यावरून पडलास तो दिवस. मी नुसती किंचाळत राहिले, आणि ऑरिनने उडी मारून तुला केसाला धरून वर काढलं. तू काय केलंस? खोकलास, पाणी ओकलास आणि त्याच्या पोटात गुद्दा मारलास, केस ओढले म्हणून. मग दोघं हसत सुटलात. पुढे मोठेपणी एका हिवाळ्यात बंदर गोठलं, तर तुम्ही दोघं मला ढकलगाडीवर बसवून बर्फावरून पलीकडच्या बेटावर नृत्याला घेऊन गेलात. तिथे माझ्याशी कुणी नाचेना, तर तू ऑरिनला ढोसलंस, "जा रे, माझ्या बहिणीचे पाय तुडव जरा." तूच लावून दिलंस आमचं लग्न, आणि आता बघ.

एक राग मात्र आहे, तो आज लिहून टाकते. आईच्या मातीला तू आला नाहीस. सगळं बेट टेकडीवर उभं होतं, पाद्री बोलत होता, आणि खाली मागच्या खाडीत तुझी हिरवी लाँच फिरताना मला दिसत होती. आई गेली आणि हा पठ्ठ्या शेवंडी काढतोय! बाबांनी ती खाडी मरताना ऑरिनला दिली होती, तू सहा वर्षं पलीकडे कारखान्यात होतास म्हणून. तू परत येऊन तिथे पिंजरे टाकलेस तेव्हा मी बोलले, तर ऑरिन म्हणाला, "टाकू दे गं, खाडी काय संपतेय?" त्याला कधीच काही वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी टेकडीवरून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. गाठी बांधल्या त्या सकाळी पाणी इतकं सपाट होतं की वल्ह्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता.

थंडी फार आहे. खांदा दुखतो का रे थंडीत?

डेला

*

हॅडलॉक बेट
९ मार्च १९८७

मर्टन,

निकाल आला. अपील फेटाळलं.

अकरा पानं आहेत. मिस पेलेटिएंनी फोनवर वाचून दाखवलं, मग प्रत पाठवली. त्यात लिहिलंय की गाठीची रीत एरवी निरुपद्रवी असू शकते, आणि आरोपीने गाठी बांधल्या नसत्या तर न्यायाधीशांची ती सूचना चुकीची ठरली असती. पण आरोपीने स्वतः कबूल केलं आहे. म्हणून सूचना योग्य, शिक्षा कायम. चार वर्षांतली अजून तीन.

मर्ट, आता नीट वाच. एकदाच लिहिणार आहे.

गाठी ऑरिनने बांधल्या नाहीत. मी बांधल्या.

आईला पुरून तिसऱ्या दिवशी, ऑरिन लाँच घेऊन बाहेर गेल्यावर, मी छोटी होडी काढली आणि मागच्या खाडीत गेले. अकरा बोया होत्या तुझ्या. एकेक धरली, ओली, शेवाळलेली, आणि दोन दोन गाठी मारत गेले. प्रत्येक गाठीला तुला शिव्या घातल्या. आपल्याकडे बायका असल्या गोष्टीत हात घालत नाहीत, म्हणून कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गाठ बांधायचा हक्क जागा ज्याची त्याचा, आणि ती जागेसाठी बांधायची असते. मला जागेचं काही पडलं नव्हतं. मी ती रीत माझ्या रागासाठी वापरली. बाबा असते तर त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती, जन्मात पहिल्यांदा.

मला वाटलं तू चिडशील, ऑरिनला विचारशील, तो म्हणेल मी नाही, मग तुम्ही दोघं माझ्याकडे याल आणि मी तुला सगळ्यांदेखत सुनावेन. असा माझा बेत होता. तू विचारलंसच नाही. तू सरळ पिंजरे तोडलेस. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण मला लाज वाटली, आणि मग रोज वाटत राहिली.

ऑरिनला मी सांगितलं नव्हतं. त्याला कोर्टात कळलं. सरकारी वकिलाने बोयाचा फोटो त्याच्या हातात दिला. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते, लहानपणी तुम्ही दोघं मला त्यावरून चिडवायचात. त्याने फोटो पाहिला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बाकांच्या चौथ्या रांगेत. मी काय केलं असेल? मी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. वकिलाने विचारलं, "या गाठी कुणी बांधल्या?" तो म्हणाला, "मी बांधल्या." वकील म्हणाला, "रागाने?" तो म्हणाला, "हो, रागानेच म्हणायच्या."

पान दोनशे चौदा ते हे. एका फोटोवरून ओळखून त्याने माझं पाप उचललं आणि मी ते उचलू दिलं. वर्षभर मी त्याच्यासाठी स्वेटर विणले, पायमोजे विणले, वकिलांना पत्रं लिहिली, बेटावरच्या बायका म्हणाल्या केवढी गं तू धीराची! मी गप्प.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण. मी त्यातलं बरंच आधीच म्हणून झाले आहे.

डेला

*

हॅडलॉक बेट
२ एप्रिल १९८७

मर्टन,

तुझं पत्र नाही, पण लेटी म्हणते तू तिला फोन करून फक्त एवढं विचारलंस, "डेला बरी आहे का?" ती 'हो' म्हणाली आणि तू ठेवलास. लेटीने मला हे सांगताना कागदी पिशव्यांची चळतच्या चळत खाली पाडली. तिला मी सगळं सांगितलंय. दुकानात, मोठ्याने, तिघं ऐकत असताना. एकाने टोपी घातली आणि निघून गेला. लेटी म्हणाली, "मी तर आधीच समजले होते," पण ती नेहमीच असं म्हणते.

त्याआधी तुरुंगात ऑरिनला भेटायला गेले. टेबलाच्या पलीकडून तो माझ्याकडे असा बघत होता, जणू माझ्या हातात काहीतरी फुटणार आहे. मी म्हटलं, "मी वकीलबाईंना सांगणार."

"गप बस," तो म्हणाला. "एक वर्ष गेलं, तीन जातील. मी काय इथे उपाशी मरतोय?"

"बारीक झालायस तू."

"राजमा फिका करतात इथे, म्हणून." मग टेबलावर बोट घासत म्हणाला, "हे बघ, आईनंतर मर्टनला तूच राहिलीस. माझ्यावर त्याने राग धरला तर चालेल, मी सोसेन. तू बांधल्यास हे कळलं तर तो तुझं तोंड बघणार नाही. म्हणून बोललो मी तसं. दुसरं काही नाही त्यात."

ऐकलंस? तुझ्या खांद्यात छरे घालणारा तुझी बहीण तुझ्यासाठी शिल्लक ठेवत होता. मी म्हटलं, "उशीर झाला, त्याला लिहून टाकलंय." तर बाईमाणसासारखा तोंडावर हात ठेवून बसला. मला वाटलं चिडला, पण तो रडत होता. एकवीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मग मिस पेलेटिएंकडे गेले. मला वाटलं, मी कबूल केलं की झालं, दार उघडेल. कसलं काय. ती पोर माझा हात धरून म्हणाली, "मिसेस कुशमन, हे खटल्यात सांगितलं असतंत तर ज्युरीला ती सूचना देताच आली नसती. आता याचा उपयोग नाही. गाठी आपण बांधल्या नाहीत हे तुमच्या नवऱ्याला तेव्हाच ठाऊक होतं. त्याने लपवलेली गोष्ट कोर्ट नवा पुरावा धरत नाही." म्हणजे वर्षभर दातात धरून ठेवलेलं खरं मी बाहेर काढलं, तर त्याला आता कुणी विचारत नाही.

एकच वाट आहे असं ती म्हणाली. ती वाट तू आहेस.

म्हणून आज मी विचारते, जे विचारणार नाही म्हटलं होतं ते. तुझी साक्ष मी वाचली. "मी इंजिन बंद करून हाताने पिंजरा ओढत होतो, लाँच जागेवर होती." मर्ट, बारा वाव खोल पाणी आहे तिथे. पिंजरे ओढायला इंजिनावरची चरखी बसवल्याला तुला पंधरा वर्षं झाली. इंजिन बंद करून हाताने कोण ओढतो? ज्युरीतल्या बटाटेवाल्यांना हे कळलं नाही, शहरातल्या वकिलालाही कळलं नाही. आपल्या धक्क्यावर पोरंसोरं हसली असती. ऑरिनला तर तिथेच कळलं असणार, पण त्याने वकिलाला सांगितलं नाही. मी विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणे, "त्याला चारचौघांत खोटारडा कसा म्हणू?"

तू खोटं बोललास. मी गप्प राहून बोलले, तू तोंडाने बोललास, एवढाच फरक. माझ्या खऱ्याने ऑरिन सुटत नाही, तुझ्या खऱ्याने सुटतो.

आणि हेही ऐक, मिस पेलेटिएंनी बजावलंय की हे सांगितल्याशिवाय तुला बोलावायचं नाही. तू साक्ष फिरवलीस तर पहिली साक्ष खोटी दिली म्हणून तुझ्यावर खटला होऊ शकतो. तुरुंगही होऊ शकतो. आधी स्वतःचा वकील गाठ. मी तुला भरीला पाडत नाही. नाही, हेही खोटंच झालं. मी भरीला पाडते आहे. मला माझा नवरा परत हवा आहे, आणि त्याची किंमत मी तुझ्याकडे मागते आहे, कारण माझ्याकडची कुणी घेत नाही.

डेला

*

हॅडलॉक बेट
२७ जून १९८७

मर्ट,

तू आलास.

कोर्टाचं दार उघडलं तेव्हा मी ओळखलंच नाही तुला. तपकिरी कोट, आणि केस किती पांढरे रे! बटाट्यांच्या गोदामात असे पांढरे होतात का? तू शपथ घेतलीस. न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही काय बोलणार आहात त्याचा तुम्हाला त्रास होऊ शकतो, बोललं नाहीत तरी चालेल." तू म्हणालास, "मी सात तास बस करून न बोलायला आलेलो नाही." लेटीने माझ्या मांडीला एवढा जोरात चिमटा काढला की अजून निळं आहे.

मग तू सांगितलंस. इंजिन चालू होतं. लाँच पूर्ण वेगात होती. "मी ती ऑरिनवरच घेतली होती. त्याला घाबरवायचं होतं. शेवटच्या क्षणी वळवणार होतो की नाही, ते मला आजही माहीत नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, "नुसत्या गाठींचा एवढा राग?"

तू म्हणालास, "आईच्या मातीला मी गेलो नव्हतो. लोकांसमोर मला उभं राहता आलं नसतं. मी खाडीत लाँच घेऊन नुसता फिरत होतो, एकही पिंजरा उचलला नाही. तीन दिवसांनी त्या गाठी बघितल्या. मला वाटलं ऑरिन सांगतोय, या घरात तुझं आता काही उरलं नाही."

ऑरिनला ते कधीच म्हणायचं नव्हतं रे. मला म्हणायचं होतं. शब्दन् शब्द तेच. तू बरोबर वाचलंस, फक्त कुणी लिहिलंय ते चुकलं. आणि मी टेकडीवर उभी राहून, आईच्या उघड्या खड्ड्याशी, माझा भाऊ खाली एकटा रडत फिरतोय हे न समजता त्याला शेवंडीचा हावरट ठरवला. हे मला कुणी माफ केलं तरी मी करणार नाही.

साक्ष संपली आणि तू बाजूच्या दाराने निघून गेलास. माझ्या बाकाजवळून गेलास, पण मान वळवली नाहीस.

पुढचं तुला वकिलाने कळवलं असेलच. शिक्षा रद्द झाली. सरकारी बाजू म्हणाली की खटला पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. ऑरिन मंगळवारी टपालाच्या लाँचने घरी आला. धक्क्यावर अर्धं बेट जमलं होतं आणि कुणाला काय बोलावं कळेना, तर एकाने विचारलं, "आमिषाची मासळी काय भावाने तिकडे?" तुरुंगातून आलेल्या माणसाला! ऑरिन म्हणाला, "महाग आहे." मग सगळे हसले आणि त्याचं बोचकं उचलून निघाले.

घरी दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मी सांगायला नको होतं, असं त्याला अजून वाटतं. तिसऱ्या दिवशी लेटी धापा टाकत आली, की चौदा जुलैला तुला खोट्या साक्षीबद्दल कोर्टात बोलावलंय. ऑरिन जेवत होता. चमचा ठेवला आणि म्हणाला, "मी जाणार. त्याच्या बाजूने साक्ष देणार."

मी म्हटलं, "ज्याच्यावर गोळी झाडलीस त्याच्या बाजूने? न्यायाधीश खुर्चीवरून पडतील."

"पडू देत," तो म्हणाला. "तो सात वर्षांचा असताना मी त्याला पाण्यातून काढलाय. त्याला आत बसवायला नाही काढला." आणि परत जेवायला लागला. तेव्हापासून बोलतो आहे.

तुझ्या वकिलाला मिस पेलेटिएंनी सगळं सांगितलंय. या खटल्यात त्यांना माझी साक्ष हवी आहे, तू का चिडला होतास ते ज्युरीला कळावं म्हणून. मी तिला विचारलं, माझ्यावर कोणतं कलम लागतं? ती हसली. म्हणाली, "दोरीला गाठ बांधल्याचं कलम नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून गप्प राहिल्याचंही नाही." ऑरिनने सव्वा वर्ष भोगलं, तुझ्या मानेवर खटला आला, आणि जिने सुरुवात केली तिच्यासाठी कायद्याच्या एवढ्या पुस्तकांत एक ओळ नाही. मला तर वाटतं लागलं असतं तर बरं झालं असतं.

चौदा तारखेला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहणार आणि शपथेवर सांगणार, की गाठी मी बांधल्या आणि माझ्या भावाला घराबाहेर काढायला बांधल्या. बारा अनोळखी माणसांसमोर, मोठ्याने, नावानिशी. मला त्यांची भीती नाही. तू मला माफ करावंस असंही माझं म्हणणं नाही. एवढंच कर मर्ट, मी ते बोलत असेन तेव्हा तू माझ्याकडे बघ.

तुझी बहीण,
डेला